तिला कशाला त्रास?

गेल्या अंकात मी माझ्या शाळेच्या सहलीची गोष्ट लिहिली होती. ज्यांच्या वाचनात आली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी दोन वर्षांची असताना मला पोलिओ झाला. चौथीत होते तेव्हा वर्गाची सहल समुद्रावर जायची ठरली. आदल्या संध्याकाळी बाई घरी आल्या आणि आईला म्हणाल्या, “तिला कशाला त्रास? वाळूत तिला चालता यायचं नाही.” आई म्हणाली, “बरोबर आहे तुमचं.” मी आतल्या खोलीत होते. पायाला आधार देणारा कॅलिपर घालून उभं राहिलं की गुडघ्यापाशी असलेलं लोखंडी कडं खाली सरकतं आणि खट् असा आवाज होतो. तो होऊ नये आणि पुढचं बोलणं ऐकू यावं, म्हणून मी ते कडं बोटांनी वर धरून ठेवलं होतं. पुढचं काही नव्हतंच. दोघी दुसऱ्या विषयाकडे वळल्या होत्या.

दोघींना माझ्याविषयी माया होती, हे मला तेव्हाही कळत होतं. फक्त मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मला वाळूत चालायचंच नव्हतं, पाण्याजवळ बसायचं होतं.

त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी नेहमीचे प्रश्न बाजूला ठेवून सगळी जागा त्यांनाच देते आहे. पत्रं मोठी होती. मी ती आटोपशीर केली आहेत आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलं आहे.

प्रश्न : ताई, माझा भाऊ २४ वर्षांचा आहे. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. हात आणि मान सारखी हलते, बोलणं फक्त आम्हा घरच्यांना कळतं. घरी कोणी आलं की आई त्याला आतल्या खोलीत नेते, टीव्ही लावून देते आणि दार लोटून घेते. “लोक टक लावून बघतात, त्याला त्रास होतो,” म्हणते. आई वाईट नाही. त्याचं सगळं तिनंच केलंय. मला हे लहानपणापासून खुपतं. पण मागच्या महिन्यात माझ्या मैत्रिणी आल्या तेव्हा आई घरी नव्हती, आणि ते दार मीच लोटलं.

उत्तर : शेवटचं वाक्य लिहिताना तुझा हात थांबला असणार. तरी तू ते लिहिलंस, म्हणून तुझ्याशी मोकळेपणानं बोलते.

तुझ्या मूळ पत्रात ‘त्याला त्रास होतो’ हे तीन वेळा आलंय. तसं त्यानं कधी आणि कोणाला सांगितलं, हे मात्र कुठेच नाही. तो शेजारच्याच खोलीत आहे आणि त्याचं बोलणं तुम्हाला कळतं. मग आज रात्रीच त्याला विचार. विचारताना उत्तर आधीच त्याच्या तोंडात घालू नकोस. “तुला बाहेर यायचं नाही ना?” हा प्रश्न नव्हेच. “रविवारी माझ्या दोन मैत्रिणी येणार आहेत. तू बसशील का आमच्यात? कुठे बसायला आवडेल? कंटाळा आला तर मला कसं सांगशील?” असं विचार. कदाचित तो नाही म्हणेल. २४ वर्षं दाराआड काढलेल्या माणसाचा पहिला नकार खरा असेलच असं नाही. पुन्हा केव्हातरी विचार.

सेरेब्रल पाल्सी म्हणजे वाढत्या मेंदूला, बहुतेक वेळा जन्माआधी किंवा जन्माच्या सुमारास, इजा होऊन स्नायूंवरचा ताबा बिघडणं. ओठ, जीभ आणि श्वास यांचे स्नायूही त्यात येतात, म्हणून उच्चार अडतो. ऐकणाऱ्याला वाटतं की या माणसाला समजतही नसणार. काहींना बौद्धिक अडचण असते, पुष्कळांना नसते. आणि असली तरी दार आपल्या तोंडावर लोटलं जातंय, हे प्रत्येकाला कळतं.

मैत्रिणींना आधी दोन गोष्टी सांगून ठेव. बोलायचं ते त्याच्याशी, त्याच्याकडे बघून, “याला पाणी हवंय का?” असं तुला विचारायचं नाही. आणि कळलं नाही तर कळल्यासारखी मान हलवायची नाही, “पुन्हा सांग” म्हणायचं. त्याचं वाक्य त्याच्या आधी आपण पुरं करायचं नाही. तो वेळ घेईल, घेऊ दे. तरी अडलंच तर एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात मुळाक्षरं आणि नेहमीचे वीस-पंचवीस शब्द लिहून ठेव. बोटानं, मुठीनं किंवा नुसत्या नजरेनं दाखवून बोलणारी माणसं जगभर आहेत. तुझ्या भावाला हे साधन अजून कोणी दिलं नसेल, तर एवढी वर्षं तो फक्त तुम्हा घरच्यांशीच बोलू शकला आहे. याचा एकदा विचार कर.

आता आईबद्दल. तिच्यावर चिडू नकोस. लोकांच्या नजरा पहिल्यांदा तिनं झेलल्या आहेत. “तुमच्या हातून काही चुकलं असेल” असं तिला कोणी ना कोणी म्हणालंच असेल. माझ्या आईला म्हणाले होते. अशा नजरा फक्त घरापुरत्या नसतात, त्यांचे कायदेही झाले आहेत. अमेरिकेतल्या शिकागो शहरात १८८१ साली नियम झाला की ज्यांचं शरीर रोगानं किंवा व्यंगानं ‘बघवत नाही’ असं झालंय, त्यांनी रस्त्यावर लोकांच्या नजरेस पडायचं नाही, पडलं तर दंड. तो नियम रद्द व्हायला १९७४ साल उजाडलं. म्हणजे माझा जन्म झाला तेव्हा तो कागदावर होता. तुझ्या आईला त्या शहराचं नावही माहीत नसेल, पण नियम तोच आहे आणि तो ती तुमच्या घरात पाळते आहे.

तिच्याशी वाद घालायचा असेल तर ‘हक्क’ या शब्दापासून सुरुवात करू नकोस. तिच्या मनातल्या सगळ्यात मोठ्या भीतीपासून कर. “माझ्यामागे याचं काय?” हा प्रश्न तिला रात्री झोपू देत नाही, हे मी पैजेवर सांगते. तिला म्हण, “आई, तुझ्यामागे याला कोण ओळखत असेल? कोणाला याची भाषा कळत असेल?” दाराआड ठेवलेल्या माणसाला बाहेर कोणीच ओळखत नाही. तुझ्या दोन मैत्रिणींना त्याचे दहा शब्द कळायला लागले तर जगात त्याला समजणारी दोन माणसं वाढली. तिला हे कळेल, कारण हिशेब तिचाच आहे.

प्रश्न : मी ३६ वर्षांची आहे. लहानपणापासून ऐकू येत नाही. श्रवणयंत्र आहे, ओठांवरून बरंच समजतं. घरी सगळे जेवायला बसले की गप्पा सुरू होतात, एकदम सगळे हसतात. “काय झालं?” विचारलं तर नणंद म्हणते, “काही नाही गं, नंतर सांगते.” ते नंतर कधीच येत नाही. मी खाली मान घालून जेवते आणि उठते. आता सासूबाई म्हणतात, मी माणूसघाणी आहे.

उत्तर : मला ऐकू येतं, त्यामुळे हे मी सोसलेलं नाही. म्हणून उत्तर लिहिण्याआधी माझ्या एका बहिऱ्या मैत्रिणीला तुमचं पत्र दाखवलं. वाचून तिनं कागदावर एकच ओळ लिहिली : “हे पत्र माझं आहे का?” भरल्या घरात, आपल्याच माणसांत बसून रोज एकटं पडणं हा अनुभव बहिऱ्या माणसांत इतका सर्रास आहे की अभ्यासकांनी त्याला जेवणाच्या टेबलावरूनच नाव दिलंय. तुम्ही माणूसघाण्या असतात तर “काय झालं?” असं विचारलंच नसतं.

हे पान घरच्यांना वाचायला द्या. यापुढचं त्यांच्यासाठी आहे.

आरशासमोर उभे राहा आणि आवाज न काढता तीन शब्द म्हणा : पान, मान, भान. ओठ तिन्ही वेळा एकसारखेच हलतात. आता ‘क’ आणि ‘ग’ म्हणा. ते घशाजवळ तयार होतात, ओठांवर काहीच दिसत नाही. ओठ वाचणारी माणसं असे निम्मे-अर्धे तुकडे पाहून, संदर्भ लावून, अंदाजानं वाक्य उभं करत असतात. विषय माहीत असेल तर जमतं. मध्येच विषय बदलला, कोणी तोंडासमोर हात धरला, घास तोंडात ठेवून बोललं, की धागा तुटतो. श्रवणयंत्राचीही मर्यादा समजून घ्या. ते आवाज मोठा करतं. भांड्यांचा, पंख्याचा, खुर्ची सरकवल्याचा आणि माणसाचा, सगळेच मोठे करतं. चार जण एकदम बोलले की तिच्या कानात नुसता गोंगाट असतो. दिवसभर असं करून डोकं दुखतं, हेही लक्षात घ्या.

करायचं ते फार अवघड नाही. एका वेळी एकानं बोलायचं. बोलण्याआधी हात वर करायचा, म्हणजे तिला कुठे बघायचं ते कळेल. चेहऱ्यावर उजेड हवा, खिडकीकडे पाठ नको. विषय बदलला तर दोन शब्दांत तिला सांगायचं. आणि विनोद झाला तर हसून होण्याआधी तिला सांगायचा. ‘काही नाही’ हे दोन शब्द तिच्यापुरते घरातून हद्दपार करा. ‘काही नाही’ म्हणताना तुम्ही तिला सांगता की हे तुझ्यासाठी नव्हतं.

बाई, तुमच्या पत्रात आणखी एक गोष्ट होती, ती मी वर छापली नाही. लहानपणी शाळेत खुणा केल्या की हातावर पट्टी बसायची, असं तुम्ही लिहिलंय. त्या पट्टीला मोठा इतिहास आहे. १८८० साली इटलीतल्या मिलान शहरात बहिऱ्या मुलांच्या शिक्षणाविषयी आंतरराष्ट्रीय परिषद भरली. १६४ प्रतिनिधींत बहिरा माणूस एकच होता. बाकीच्यांपैकी बहुतेकांनी ठरवून टाकलं की शाळांत खुणांची भाषा नको, तोंडानं बोलायलाच शिकवायचं. देशोदेशीच्या बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या आणि मुलांचे हात बांधले गेले. २०१० साली कॅनडात व्हँकुव्हरला भरलेल्या त्याच मालिकेतल्या परिषदेनं ते ठराव नाकारले आणि खेद व्यक्त केला. मध्ये १३० वर्षं गेली. १६४ जणांपैकी कोणालाही मुलांचं वाईट करायचं नव्हतं, असंच मी धरून चालते. माझ्या बाईंना आणि आईलाही नव्हतं.

आणि उलटंही घडलेलं आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यालगत मार्थाज व्हिनयार्ड नावाचं बेट आहे. तिथल्या काही घराण्यांत बहिरेपण आनुवंशिक होतं. १९व्या शतकात चिलमार्क या गावात साधारण २५ माणसांत एक बहिरा असे. तिथे ऐकू येणारी माणसंही लहानपणापासून खुणांची भाषा बोलत. नावेतून नावेत, शेतात, देवळात, सगळीकडे. बहिरी माणसं तिथे लग्नं करत, गावाच्या कारभारात असत, आणि कोण बहिरं होतं हे नंतर म्हाताऱ्यांना आठवून सांगावं लागे. कान तेच होते. शेजारी वेगळे होते. तुमच्या घरातल्या मुलांना तुम्ही वीस खुणा शिकवा. मुलं मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात आणि त्यांना त्यात गंमत वाटते.

प्रश्न : मी व्हीलचेअर वापरत नाही, मला काही अपंगत्व नाही. आमच्या संस्थेच्या सभागृहाला तीन पायऱ्या आहेत. वर्गणी काढून बाजूला रॅम्प बांधला. दोन वर्षांत एकही व्हीलचेअरवाला आला नाही. आता सभासद म्हणतात, उगाच खर्च केला.

उत्तर : पत्रासोबत तुम्ही फोटो पाठवलात, बरं झालं. तीन पायऱ्या म्हणजे साधारण ४५ सेंटीमीटर उंची. रॅम्पला उंचीच्या किमान बारापट लांबी लागते, म्हणजे तुम्हाला निदान ५ मीटर ४० सेंटीमीटर हवी. फोटोतला रॅम्प फार तर दोन मीटर दिसतो. मी आता व्हीलचेअर वापरते; एवढ्या उभ्या चढावर मी एकटी गेले तर खुर्ची मागे कलंडेल, आणि दोन माणसांनी ढकललं तर उतरताना मी तोंडावर पडेन. वर दारापाशी खुर्ची वळवायला दीड मीटर सपाट जागा लागते, तिथे तुम्ही कुंड्या ठेवल्या आहेत. दार ९० सेंटीमीटर रुंद आहे का? आत स्वच्छतागृहात खुर्ची जाते का? जात नसेल तर तीन तासांच्या कार्यक्रमाला मी येणार नाही. मी घरून निघण्याआधी पाणी पिणं बंद करते, हे मी आजवर कुठे लिहिलं नव्हतं. तुमच्या सभासदांना कळावं म्हणून लिहिते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे १३० कोटी माणसांना लक्षणीय स्वरूपाचं अपंगत्व आहे, म्हणजे दर सहांत एक. तुमच्या सभासदांच्या घरीही ती आहेत. गुडघे गेलेली आजी आहे, पक्षाघातातून उठलेला काका आहे. ती येत नाहीत याचा अर्थ त्यांना यायचं नाही असा तुम्ही लावलात. रॅम्प बांधण्याआधी त्यांच्यापैकी एकाला जरी बोलावून “कसा हवा?” असं विचारलं असतं तर पैसे वाया गेले नसते.

पत्रावरून आठवलं. १९७२ साली इंग्लंडमध्ये पॉल हंट या अपंग माणसानं ‘गार्डियन’ दैनिकाला एक पत्र लिहिलं. अपंगांसाठीच्या निवासी संस्थेत त्यानं अनेक वर्षं काढली होती. संस्थांमध्ये एकटं पडलेल्या, स्वतःबद्दल काहीही ठरवायची मुभा नसलेल्या माणसांनी एकत्र यावं, असं त्याचं आवाहन होतं. त्या एका पत्रातून संघटना उभी राहिली आणि १९७६ साली तिनं आपली भूमिका छापली : शरीरातली उणीव ही एक गोष्ट, आणि समाजरचनेमुळे माणसाचं अडणं ही दुसरी; अपंगत्व म्हणायचं ते या दुसऱ्याला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा तिशीत होते. तोवर माझ्या मनात पक्कं होतं की पायरी चढता येत नाही हा माझ्या पायांचा दोष. पायरीकडे बघायचं मला सुचलंच नव्हतं.

रॅम्प पाडू नका, लांब करा.

प्रश्न : मी निवृत्त मराठीचा शिक्षक. ‘लंगडी सबब’, ‘आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं’, ‘वासरात लंगडी गाय शहाणी’ हे आता बोलायचंच नाही का? आणि तुम्हाला काय म्हणावं : अपंग, विकलांग की दिव्यांग? भाषेला किती सोवळं पाळायला लावणार?

उत्तर : सर, तुमचा राग भाषेवरच्या प्रेमातून आलाय आणि ते प्रेम माझंही आहे. म्हणून एक प्रसंग सांगते. सातवीत होते. गुरुजी वाक्प्रचार आणि म्हणी शिकवत होते. त्यांनी फळ्यावर ‘वासरात लंगडी गाय शहाणी’ लिहिलं, मोठ्यानं वाचलं, आणि वर्गातली सगळी डोकी एकदम माझ्याकडे वळली. गुरुजींच्या मनात काही नव्हतं. ते खडू हातात घेऊन पाठमोरेच उभे होते, त्यांना दिसलंही नाही. मी वहीत म्हण लिहून घेतली. अर्थाच्या रकान्यात काय लिहायचं तेही मला येत होतं. त्या वर्षी मी मराठीत पहिली आले, आणि एका मुलीनं मला ती म्हण ऐकवली.

म्हणी पुसून टाका असं मी म्हणणार नाही. पण लिहिताना आपल्याला नेमकं काय म्हणायचंय ते बघावं. सबब न पटणारी आहे, तर ‘न पटणारी सबब’. कारभार बेपर्वा आहे, तर ‘बेपर्वा कारभार’. माझ्या ओळखीच्या अंध माणसांचा कारभार फार चोख असतो. कुठली वस्तू कुठे आहे हे त्यांना माझ्यापेक्षा पक्कं माहीत असतं. म्हणजे ‘आंधळा कारभार’ हे दुखावणारं आहेच, वर चुकीचंही आहे. भाषेच्या शिक्षकाला ही दुसरी तक्रार जास्त पटावी.

नावाचं म्हणाल, तर माझ्यापुरतं सांगते. ‘अपंग’ मला चालतो. ‘दिव्यांग’ मला नको. माझ्या पायांत दिव्य असं काही नाही, आणि दिव्य म्हटलं की रॅम्पची गरज उरत नाही. पण माझ्याच वयाच्या एका स्नेह्याला तोच शब्द आवडतो, तो म्हणतो लोक निदान आदरानं बोलतात. त्याच्याशी बोलताना मी त्याचा शब्द वापरते. ‘मूकबधिर’ शक्यतो टाळा. बहिऱ्या माणसांचा गळा बहुधा चांगला असतो आणि त्यांना स्वतःची भाषा असते. ‘व्हीलचेअरला जखडलेली’ तर अजिबात लिहू नका. मी खुर्चीत बसायला लागले ती पन्नाशीत. पोलिओ होऊन कित्येक वर्षं लोटल्यावर स्नायू पुन्हा थकू लागतात, तसं माझं झालं. कुबड्या घेऊन मी दहा पावलांवर दमायचे. खुर्चीनं मला पुन्हा घराबाहेर काढलं.

आणि ‘नॉर्मल’ मुलं व ‘ही’ मुलं असं शाळांतून म्हणतात, त्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण सर, मला सगळ्यात जास्त टोचतो तो ‘ही’.

प्रश्न : रस्त्याच्या कडेला पांढरी काठी घेतलेले एक गृहस्थ उभे होते. मी हात धरून त्यांना पलीकडे नेलं. ते माझ्यावरच ओरडले. यापुढे मदत करायची की नाही?

उत्तर : करायची, पण विचारून. त्यांना पलीकडे जायचं होतं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. ते कोणाची वाट बघत उभे असतील तर तुम्ही त्यांना नेऊन भलतीकडे सोडलंत. दंडाला धरून ओढलं की काठीचा हात अडकतो आणि पुढचं काही कळत नाही. आधी बोला : “नमस्कार, मी तुमच्या उजवीकडे आहे. मदत हवी आहे का?” हवी म्हणाले तर तुमचं कोपर पुढे करा. ते धरून ते अर्धं पाऊल मागून चालतील, म्हणजे तुमच्या अंगाच्या हालचालीवरून त्यांना चढ-उतार कळेल. नको म्हणाले तर बरं म्हणून पुढे जा. त्यात तुमचा अपमान नाही.

प्रश्न : आमच्या विभागात एक पूर्ण अंध तरुणी रुजू झाली आहे. सगळे तिच्याशी फार चांगले वागतात. तिला ताण नको म्हणून तिचं काम आम्ही वाटून घेतो. परवा ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, मला काम द्या, नाहीतर मी राजीनामा देते.” आमचं काय चुकलं?

उत्तर : तिनं तुम्हाला सांगितलंय काय चुकलं ते. दिवसभर रिकामं बसवून महिनाअखेरीस पगार हातात ठेवणं म्हणजे तिला रोज सांगणं की तू इथे असलीस काय, नसलीस काय, सारखंच. ती काम मागायला आली होती.

तिला बसवून विचारा की कामात अडतं कुठे. बहुतेक अडचण तिच्या डोळ्यांपाशी निघणार नाही, तुमच्या फायलींपाशी निघेल. अंध माणसं संगणकावर स्क्रीन रीडर वापरतात. पडद्यावरचा मजकूर तो वाचून दाखवतो. एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर मोफत मिळतो, आणि तो २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या तरुणानं लिहायला घेतला, जो स्वतः अंध आहे. पण कागदाचा नुसता फोटो काढून पाठवलात तर स्क्रीन रीडरला त्यातली अक्षरं थेट वाचता येत नाहीत. तुमच्या विभागात पत्रं अशीच स्कॅन करून फिरत असतील. मजकूर टाइप केलेला पाठवा, तक्त्याला मथळे द्या, चित्राखाली दोन ओळी लिहा. खोलीत आलात तर नाव सांगा, जाताना “मी निघालो” म्हणा, नाहीतर ती रिकाम्या खुर्चीशी बोलत राहते. टेबलं हलवलीत तर आधी सांगा.

आणि तिचं काम चुकलं तर इतरांना सांगता तसंच तिलाही सांगा. तिच्या चुका गुपचूप दुरुस्त करू नका. माझ्या पहिल्या नोकरीत साहेब माझी पत्रं स्वतः पुन्हा लिहायचे आणि मला “छान” म्हणायचे. हे मला तीन वर्षांनी कळलं. त्या तीन वर्षांत मी काहीच शिकले नव्हते.

प्रश्न : मी सहावीत आहे. आमच्या वर्गात एक मुलगी व्हीलचेअरवर येते. खेळाच्या तासाला ती वर्गात एकटी बसते. मला तिला बोलवायचं आहे, पण आई म्हणते तिला वाईट वाटेल. मी काय करू?

उत्तर : तिला वाईट आत्ता वाटतंय, खिडकीतून तुम्हाला बघताना. तू बोलव.

“तुला खेळता येईल का?” असं विचारू नकोस. “आम्ही खेळायला चाललोय, येतेस?” असं विचार, जसं बाकीच्यांना विचारतेस. मग मैदानावर गेल्यावर दोघी मिळून ठरवा की खेळ कसा बदलायचा. चेंडू दोनदा टप्पे पडू दे, नाहीतर सगळ्यांनी बसून खेळायचं, नाहीतर तिच्या खुर्चीला हात लावला की ती बाद. तुला गंमत सांगते. १९४८ साली इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल नावाच्या रुग्णालयात लुडविग गुटमान या डॉक्टरांनी व्हीलचेअरवरच्या रुग्णांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. खेळाडू होते फक्त १६. त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक सुरू झालं. तुम्ही दोघी आणि आणखी चार जणी असाल तरी सुरुवातीला पुरे.

तिच्या परवानगीशिवाय खुर्ची ढकलू नकोस, खुर्चीच्या मागे दप्तरही अडकवू नकोस. ती “आज नको” म्हणाली तर उद्या पुन्हा विचार, आणि परवाही.

माझ्या चौथीच्या सहलीहून एका मैत्रिणीनं माझ्यासाठी शिंपला आणला होता. आत थोडी वाळू होती, ती मी पुसली नाही. ती मैत्रीण अजून माझी मैत्रीण आहे. मागच्या वर्षी मी तिला विचारलं, “तेव्हा तुला काय वाटलं होतं गं?” ती म्हणाली, “मला वाटलं, तुलाच यायचं नव्हतं.”

सोमवारी खेळाचा तास असेल ना? त्या मुलीनं काय सांगितलं ते मला लिहून कळव.